टेक कंपनीच्या दुकानात युनियन: अमेरिकेत पहिल्यांदा सुरुवात करणाऱ्यांसाठी

१८ जून २०२२ रोजी मेरीलँड राज्यातल्या टाउसन इथल्या अ‍ॅपलच्या दुकानात मतमोजणी झाली. युनियनच्या बाजूने ६५ मतं, विरोधात ३३. अमेरिकेत अ‍ॅपलची साधारण २७० दुकानं आहेत. त्यातलं युनियन निवडणारं हे पहिलं. चार महिन्यांनी ओक्लाहोमा सिटीतल्या दुकानाने ५६ विरुद्ध ३२ मतांनी तेच केलं. या दोन विजयांची बातमी सगळीकडे झाली. त्याच वर्षी अटलांटातल्या दुकानाने मतदान तोंडावर आलेलं असताना अर्ज मागे घेतला, आणि मे २०२४ मध्ये न्यू जर्सीतल्या शॉर्ट हिल्सच्या दुकानात ५७ विरुद्ध ४१ मतांनी युनियन पडली. त्याबद्दल मात्र फारसं कोणी बोललं नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याला त्या दोन पराभवांतूनच जास्त शिकायला मिळतं, असं माझं मत आहे.

अमेरिकेत आल्यावर कामाचा परवाना हातात पडला आणि मला पहिली नोकरी मिळाली ती मॉलमधल्या अशाच एका दुकानात. तीन वर्षं मी फोन विकले, फुटलेल्या काचांच्या तक्रारी नोंदवल्या आणि पुढच्या आठवड्यात कुठल्या दिवशी काम आहे हे कळायची वाट बघत बसले. आम्हीही युनियन करायला निघालो होतो. अकरा दिवसांत निम्म्याहून जास्त लोकांच्या सह्या झाल्या आणि पुढच्या महिन्याभरात सगळं विस्कटलं. आमच्यात हिंमत होती, फक्त कामाचा क्रम ठाऊक नव्हता. तो क्रम इथे लिहिते आहे. सगळं अमेरिकेच्या कायद्याला धरून आहे. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात असाल तर तिथले नियम वेगळे.

आधी घरून येणाऱ्या फोनबद्दल

मराठी घरात हा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "युनियनच्या भानगडीत पडू नकोस, गिरण्यांचं काय झालं ते बघितलंस ना?" माझ्या सासऱ्यांनी मला हेच सांगितलं, आणि ते चुकीच्या भावनेतून सांगत नव्हते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि लाखभराहून अधिक घरांतली चूल त्यानंतर पूर्वीसारखी पेटली नाही. ही भीती आपण परदेशातही सोबत घेऊन येतो.

पण त्या संपाच्या मुळाशी काय होतं ते पाहा. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार गिरण्यांमध्ये वाटाघाटी करण्याचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगार दत्ता सामंतांच्या मागे उभे राहिले, तरी कायद्याच्या लेखी त्यांची युनियन तीच जुनी. आपली युनियन कोणती हे गुप्त मतदानाने ठरवण्याचा मार्ग त्यांना खुला नव्हता. अमेरिकेत नेमका तोच मार्ग उपलब्ध आहे: सरकारी अधिकाऱ्यासमोर, बंद पेटीत, एका माणसाला एक मत. संप हा फार पुढचा आणि वेगळा निर्णय. घरच्यांना हे शांतपणे सांगा. मी सांगितलं नाही, नुसती वाद घालत बसले, आणि घरचा आधार लागला तेव्हा तो मागायची सोय राहिली नव्हती.

भारतात अशा दुकानांत काम करणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. अ‍ॅपलचं मुंबईतलं दुकान एप्रिल २०२३ मध्ये उघडलं, पुण्यातलं सप्टेंबर २०२५ मध्ये. तिथल्या कर्मचाऱ्यांना २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली औद्योगिक संबंध संहिता लागते, जिच्यात एका आस्थापनेत अनेक युनियन असतील तर ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेलीला एकमेव वाटाघाटी करणारी युनियन म्हणून मान्यता मिळते. खालची प्रक्रिया त्यांना लागू नाही, पण माणसांशी बोलण्याचा भाग सगळीकडे सारखाच आहे.

पायरी १: तुम्हाला संरक्षण आहे का, ते तपासा

१९३५ चा नॅशनल लेबर रिलेशन्स अ‍ॅक्ट खासगी कंपनीतल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना एकत्र येण्याचा, युनियन करण्याचा आणि सामूहिक वाटाघाटी करण्याचा हक्क देतो. तो पाळला जातो की नाही हे बघणारी सरकारी संस्था म्हणजे नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्ड. पुढे तिला नुसतं बोर्ड म्हणते.

या कायद्यातून मॅनेजर आणि सुपरवायझर वगळलेले आहेत. पदाच्या नावावर जाऊ नका. जो माणूस स्वतःच्या अखत्यारीत कोणाला कामावर घेऊ शकतो, काढू शकतो, शिक्षा करू शकतो किंवा जबाबदारीने कामं नेमून देतो, तो सुपरवायझर. 'लीड' नावाच्या पदावरची माणसं या रेषेच्या अलीकडे की पलीकडे, यावरून पुढे भांडण होऊ शकतं. अशा सहकाऱ्याकडे सुरुवातीलाच मन मोकळं करू नका, मग तो कितीही जवळचा मित्र असो.

आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न व्हिसाचा. मत द्यायला नागरिकत्व लागत नाही, ग्रीन कार्डही लागत नाही. जोडीदाराच्या व्हिसावर मिळालेल्या परवान्याने काम करणारी व्यक्तीही तितक्याच हक्काने मत देते. युनियनच्या कामावरून तुमच्या इमिग्रेशनची तक्रार करण्याची धमकी देणं हे बेकायदा आहे. तरीही तुमच्या परवान्याच्या नूतनीकरणात काही गुंता असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाशी आधी स्वतंत्रपणे बोलून घ्या, म्हणजे मन थाऱ्यावर राहील.

अजून एक, जे मला तीन वर्षांत कोणी सांगितलं नाही: युनियन नसतानाही दोन कर्मचारी मिळून पगाराबद्दल, शिफ्टबद्दल बोलले तर त्यालाही कायद्याचं संरक्षण आहे. 'आपला पगार कोणाला सांगू नका' असा नियम कंपनी करू शकत नाही. आपल्यात पगार विचारणं असभ्य मानतात. इथे मात्र एकमेकांचे ताशी दर कळणं हीच बहुतेक दुकानांत पहिली ठिणगी असते. माझ्यानंतर वर्षाने लागलेल्या मुलाला तासाला माझ्यापेक्षा जास्त डॉलर मिळत होते, हे मला बसस्टॉपवर कळलं.

पायरी २: दुकानाचा नकाशा काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आम्ही दिला नाही.

कागद घ्या, कंपनीचा आयपॅड नव्हे. त्यावर दुकानातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहा: विक्रीवाले, दुरुस्तीच्या टेबलावरचे, मागच्या खोलीत माल उतरवणारे, ग्राहकांना शिकवणी देणारे, फक्त शनिवार-रविवार येणारे. शंभर माणसांच्या दुकानात तुम्ही नीट ओळखता अशी पंचवीसच असतात, हे त्या कागदावर पहिल्याच दिवशी दिसतं. नावासमोर त्याची शिफ्ट, दुकानात किती वर्षं, कोणाबरोबर जेवतो, घरी कोणासोबत जातो, आणि कामावरची कुठली गोष्ट त्याला खुपते, एवढं लिहा.

शेवटचा रकाना भरायला तुम्हाला त्या माणसाशी बोलावंच लागतं, म्हणून तो सगळ्यात कामाचा. विक्रीवाल्याला वेळापत्रक खुपतं. दुरुस्तीवाल्याला एका तासात ठरवून दिलेली गिऱ्हाइकं. मागच्या खोलीतल्याला पाठ. कॉलेजात शिकणाऱ्याला दोन वर्षांनंतर इथे काय, हा प्रश्न. सगळ्यांचं दुखणं 'पगार' आहे असं गृहीत धरून निघालात तर निम्मी माणसं तुमच्या हातून तिथेच सुटतात. मे २०२२ मध्ये, दुकानांमध्ये हालचाल सुरू असतानाच, अ‍ॅपलने सुरुवातीचा दर ताशी २२ डॉलरपर्यंत वाढवला. टाउसनने तरीही पुढच्या महिन्यात युनियनला मत दिलं. तिथल्या लोकांनी कंपनीच्या प्रमुखांना पाठवलेल्या पत्रात मुख्य मागणी निर्णयांमध्ये आपलाही आवाज असावा ही होती, आणि दर वाढवल्याने ती भागत नव्हती.

नकाशावरून एक छोटी समिती बनवा. दर दहा माणसांमागे किमान एक, आणि प्रत्येक शिफ्टमधून, प्रत्येक प्रकारच्या कामातून कोणी तरी असलंच पाहिजे. आमच्या समितीत सात जण होते आणि सातही जण सकाळच्या शिफ्टचे, विक्रीवाले. मागच्या खोलीतल्यांना आमची बातमी मॅनेजरकडून कळली. त्यांनी आमच्यावर विश्वास का ठेवावा?

समितीत कोण हवं, याबद्दल नवख्यांची हटकून चूक होते. सगळ्यात मोठ्याने तक्रार करणारा माणूस पुढारी वाटतो. खरा पुढारी तो, ज्याला बाकीचे अडचणीत विचारायला जातात: शिफ्ट बदलून हवी तर, मशीन अडलं तर, मॅनेजरशी वाजलं तर. अशी व्यक्ती बहुधा चांगलं काम करणारी असते, कंपनीवर तिचं प्रेमही असतं, आणि ती पहिल्या भेटीत 'नाही' म्हणते. तिच्याकडे तीन वेळा जा.

पायरी ३: एकेकाशी बोला

गटात बोलू नका, मेसेजवर पटवू नका. एका वेळी एकच माणूस, दुकानाबाहेर, कॉफीवर किंवा घरी. विचारा, आणि गप्प बसा. "तुला इथली एक गोष्ट बदलता आली तर कुठली बदलशील?" एवढा एक प्रश्न पुरतो. मग "आजवर बदलली का नाही?" आणि शेवटी "आपण एकेकट्याने मागितलं आणि सगळ्यांनी मिळून मागितलं, तर फरक पडेल का?" भाषण ठोकायची आपल्याला हौस असते. ती आवरा.

बोलणं झाल्यावर त्याच रात्री नकाशावर त्या माणसासमोर एक आकडा लिहा. १ म्हणजे उघडपणे पुढे येणारा, २ म्हणजे पाठिंबा देणारा, ३ म्हणजे ठरलं नाही, ४ म्हणजे विरोधात, ५ म्हणजे विरोधात प्रचार करणारा. स्वतःशी खोटं बोलू नका. 'हो हो, चांगली कल्पना आहे' म्हणणारा माणूस ३ असतो. आम्ही अशा सगळ्यांना २ लिहिलं होतं.

जागेबद्दल एक बारकावा दुकानातल्यांनी खास लक्षात ठेवावा. साधारण नियम असा की कामाच्या वेळेबाहेर, म्हणजे सुट्टीत किंवा ब्रेकमध्ये, तुम्ही युनियनबद्दल सहकाऱ्यांना सांगू शकता. पण दुकानांसाठी एक अपवाद आहे: जिथे गिऱ्हाईक वावरतं त्या विक्रीच्या जागेत असा प्रचार करायला कंपनी दुकान उघडं असताना मनाई करू शकते, तुमचा ब्रेक असला तरी. म्हणून ब्रेक रूम, पार्किंग, बाहेरचं फूड कोर्ट. शिवाय कामावर असताना क्रिकेटबद्दल, मुलांच्या शाळेबद्दल गप्पा चालत असतील तर फक्त युनियनचं नाव काढायला बंदी घालता येत नाही.

फोन स्वतःचा वापरा, ईमेल स्वतःचा, वायफाय दुकानाचं नको. २०२२ च्या सुरुवातीला अ‍ॅपलच्या एका दुकानातले कर्मचारी पाळत टाळण्यासाठी अँड्रॉइड फोनवरून बोलत असल्याचं वर्तमानपत्रात आलं होतं. इतकी काळजी प्रत्येकाला घ्यावी लागेल असं नाही, पण कंपनीच्या चॅटवर एकही शब्द लिहू नका.

पायरी ४: युनियन निवडा

टाउसनच्या मंडळींनी मशिनिस्ट युनियन, म्हणजे रेल्वेच्या कारखान्यांत मूळ असलेली आयएएम निवडली. ओक्लाहोमा सिटी, अटलांटा आणि शॉर्ट हिल्स कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिकाबरोबर, म्हणजे सीडब्ल्यूएबरोबर गेले. एटी अँड टीच्या मोबाइल दुकानांतले हजारो कर्मचारी अनेक वर्षांपासून याच सीडब्ल्यूएचे सदस्य आहेत, तेव्हा फोन विकणाऱ्यांच्या करारात काय काय असू शकतं हे त्यांच्या करारांतून आधीच वाचता येतं. वाचाच. वेळापत्रक, विक्रीचं लक्ष्य, शिस्तभंग ही प्रकरणं बघा.

दोन-तीन युनियनशी बोला आणि थेट विचारा: आमच्यासारख्या किती दुकानांत तुम्ही पहिला करार मिळवला? किती वेळ लागला? आमच्या दुकानासाठी पूर्ण वेळ माणूस देणार का? वाटाघाटीच्या टेबलावर आमच्यातले किती जण बसतील? वर्गणी किती आणि कधीपासून? साधारण प्रथा अशी की पहिला करार सदस्यांनी मंजूर करेपर्यंत वर्गणी घेत नाहीत, पण हे लेखी घ्या, कारण मॅनेजर पहिल्या आठवड्यात वर्गणीचाच मुद्दा काढतो. राज्यानुसारही फरक पडतो. ओक्लाहोमासारख्या राज्यांत युनियनला पैसे देण्याची सक्ती करारातूनही करता येत नाही. मेरीलँडमध्ये तसा कायदा नाही.

पायरी ५: कार्डं आणि अर्ज

सही केलेलं कार्ड म्हणजे 'या युनियनने माझं प्रतिनिधित्व करावं' एवढं लेखी म्हणणं. तीस टक्के कर्मचाऱ्यांची कार्डं असली की बोर्डाकडे निवडणुकीचा अर्ज करता येतो. कार्डं कंपनीला दाखवत नाहीत, बोर्ड ती गुप्त ठेवतं.

तीस टक्क्यांवर अर्ज करणं म्हणजे हरण्यासाठी अर्ज करणं. अनुभवी संघटक ६५-७० टक्के झाल्याशिवाय हलत नाहीत. पण तेही पुरेलच असं नाही. अटलांटातल्या कंबरलँड मॉलच्या दुकानाने एप्रिल २०२२ मध्ये अर्ज केला तेव्हा ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी सह्या केल्याचं युनियनने सांगितलं होतं. मतदान जूनच्या पहिल्या आठवड्यात होतं. त्याच्या काही दिवस आधी युनियनने अर्ज मागे घेतला आणि कंपनीच्या दबावामुळे, तसंच कोविडमुळे खरं मतदान होणं शक्य नाही असं कारण दिलं. पाच-सहा आठवड्यांत केवढा फरक पडतो ते बघा.

कारण कार्ड मैत्रीखातर भरता येतं. मित्र समोर पेन धरून उभा असतो, नाही कसं म्हणायचं? म्हणून अर्जाआधी पाठिंब्याची परीक्षा घ्या, आणि ती दर वेळी थोडी अवघड करा. आधी एखाद्या साध्या मागणीच्या पत्रावर सह्या, उदाहरणार्थ वेळापत्रक दोन आठवडे आधी लावा. मग तेच पत्र पाच जणांनी मिळून मॅनेजरच्या हातात देणं. मग एका ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी युनियनचा बिल्ला लावणं. ज्याने कार्ड भरलं पण बिल्ला लावला नाही, त्याच्याशी पुन्हा बोलायचं आहे. मागच्या खोलीतल्या बारापैकी दोघांनीच लावला, तर अर्ज पुढे ढकला. त्यात कमीपणा काहीही नाही.

पायरी ६: पुढचे सहा आठवडे

अर्ज गेला की दुकानाची हवा बदलते. न पाहिलेले मोठे साहेब गावात येतात. सल्लागार येतात. बैठका सुरू होतात. मे २०२२ मध्ये अ‍ॅपलच्या दुकानांच्या प्रमुख डीअड्रा ओब्रायन यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी व्हिडिओ काढून, कंपनी आणि कर्मचारी यांच्यामध्ये तिसरी संस्था आली तर नातं बिघडेल अशी चिंता मांडली. हे म्हणणं तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल, आणि ते बोलणं कायदेशीर आहे.

म्हणून कंपनी बोलण्याआधी तुम्ही बोला. पुढच्या आठवड्यात मॅनेजर तुला बाजूला घेऊन काय सांगेल, हे प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा: वर्गणी कापतील, संप होईल, आत्ताच्या सवलती जातील, आपण तर एक कुटुंब आहोत. संघटक याला लस टोचणं म्हणतात. ऐकणाऱ्याला मॅनेजरच्या तोंडून तेच शब्द जसेच्या तसे ऐकू आले की त्याचा तुमच्यावर विश्वास बसतो. आमच्याकडे सगळ्यात परिणामकारक ठरलेलं वाक्य धमकीचं नव्हतंच. डोळ्यांत पाणी आणून एक मॅनेजर म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही माझ्याशी बोलाल." त्या वाक्याने आमची नऊ मतं गेली. त्यासाठी आम्ही कोणाचीही तयारी करून घेतली नव्हती.

बेकायदा काय, हे चार शब्दांत पाठ करा: धमकी, चौकशी, आमिष, पाळत. दुकान बंद करू किंवा तुला काढू, ही धमकी. तू कार्ड भरलंस का, बैठकीला कोण होतं, ही चौकशी. युनियन नको म्हणालात तर पगार वाढवू, हे आमिष. बैठकीच्या जागेबाहेर कोण येतं-जातं बघत बसणं, ही पाळत. यातलं काही घडलं तर त्याच दिवशी लिहून ठेवा: तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, कोण हजर होतं. बोर्डाकडे तक्रार सहा महिन्यांच्या आत करावी लागते. पैसे लागत नाहीत, वकीलही सक्तीचा नाही.

पण कायद्यावर भार टाकून बसू नका. न्यूयॉर्कमधल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दुकानात अ‍ॅपलने एका कर्मचाऱ्याची बेकायदा चौकशी केली आणि ब्रेक रूममधली युनियनची पत्रकं उचलून नेली, असा निर्णय बोर्डाने मे २०२४ मध्ये दिला. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तो फिरवला. सक्तीच्या बैठकांचंही तसंच: नोव्हेंबर २०२४ मध्ये बोर्डाने त्या बेकायदा ठरवल्या, पण बोर्डावरची माणसं राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि माणसं बदलली की निर्णयही बदलतात. तुमच्या वेळी काय लागू आहे ते युनियनच्या वकिलाकडून ताजं विचारून घ्या. बेकायदा काढलेल्या माणसाला नोकरी आणि बुडालेला पगार परत मिळू शकतो, पण त्याला वर्षं लागतात, आणि कंपनीला दंड होत नाही. तोवर घर चालवायचं असतं. म्हणून पहिल्या दिवसापासून वेळेवर या, काम चोख करा, काढायला निमित्त देऊ नका.

पायरी ७: मतदान

हा भाग सोपा आहे. बोर्ड तारीख ठरवतं, कंपनीला मतदारांची नावं, पत्ते, फोन युनियनला द्यावे लागतात. मतदान बहुधा दुकानातच किंवा मॉलमधल्या खोलीत होतं, कधी टपालाने. मॅनेजरला मतदानाच्या जागी थांबता येत नाही. पडलेल्या मतांचं बहुमत लागतं, एकूण कर्मचाऱ्यांचं नव्हे. आणि बरोबरी झाली तर युनियन हरते. त्या दिवशी ज्यांना सुट्टी आहे त्यांना गाडीतून आणा. हरलात तर त्या दुकानात पुन्हा निवडणुकीला बारा महिने थांबावं लागतं.

पायरी ८: जिंकल्यानंतरची दोन वर्षं

निकालाच्या रात्री सगळे मिठ्या मारतात. दुसऱ्या दिवशी पगार तोच असतो. कायदा कंपनीला प्रामाणिकपणे वाटाघाटी करायला लावतो, एखादी मागणी मान्य करायला लावत नाही. टाउसनने जून २०२२ मध्ये मत दिलं. तात्पुरता करार झाला जुलै २०२४ मध्ये, आणि त्यावर सदस्यांनी शिक्कामोर्तब केलं ऑगस्टमध्ये. त्यांचा हा करार तीन वर्षांचा: सरासरी दहा टक्के वाढ, वेळापत्रकाचे नियम, शिस्तभंगाची ठरलेली पद्धत, नोकरी गेल्यास भरपाई. ओक्लाहोमा सिटीचा करार त्याच वर्षी शरदात झाला. दोन वर्षं हा काळ या दोघांनी निभावला म्हणून कागद हातात आला.

दुकानात दोन वर्षं म्हणजे एक पिढी. ज्यांनी मत दिलं त्यातले कितीतरी जण पदवी घेऊन, गाव बदलून, बढती मिळून निघून जातात, आणि जागी येणाऱ्याला तो इतिहास ठाऊक नसतो. वेळ गेला की फायदा कंपनीचा होतो. त्यामुळे पायरी २ मधला नकाशा फाडू नका. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या आठवड्यातच समितीतल्या कोणी तरी त्याला कॉफीला न्यायचं, आणि पायरी ३ मधला तोच प्रश्न विचारायचा.

याच काळात एक जुनी युक्ती दिसते. ऑक्टोबर २०२२ मध्ये अ‍ॅपलने शिक्षण आणि आरोग्याच्या काही नव्या सवलती इतर दुकानांना दिल्या आणि टाउसनला सांगितलं की तुमचं आता वाटाघाटीत ठरेल. कायद्याचं मूळ तत्त्व कर्मचाऱ्यांच्या बाजूचं आहे: युनियन आल्यावर कंपनी एकतर्फी बदल करू शकत नाही, विचारावं लागतं. त्याच तत्त्वाचा आधार घेऊन सवलत अडवता येते. शेजारच्या मॉलमधल्या मित्राला मिळालं आणि मला नाही, ही बोच समितीने आधी ओळखायला हवी, कारण त्यातूनच कुजबुज सुरू होते.

मार्ग अडला तर संपाचा विषय येतो. टाउसनच्या सदस्यांनी मे २०२४ मध्ये संपाला मंजुरी देणारं मतदान केलं. दुकान बंद न पाडता अडीच महिन्यांत करार झाला. एक फरक नीट समजून घ्या: पगारवाढीसारख्या मागणीसाठी संप केला तर कंपनी तुमच्या जागी कायमची माणसं घेऊ शकते, कंपनीच्या बेकायदा वागण्याविरुद्ध केलेल्या संपात तसं करता येत नाही. कोणता संप कुठल्या प्रकारात बसतो हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नाही. वकिलाने लेखी सांगेपर्यंत कोणीही बाहेर पडू नये.

युनियन आल्या दिवसापासून, करार नसतानाही, एक हक्क मिळतो जो मला स्वतःला सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्या चौकशीतून शिक्षा होऊ शकते असं तुम्हाला वाटतं, त्या खोलीत युनियनचा प्रतिनिधी मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये वाइनगार्टन खटल्यात हे मान्य केलं. तो स्वतःहून कोणी देत नाही, तोंडाने मागावा लागतो. "माझा प्रतिनिधी आल्याशिवाय मी उत्तर देणार नाही," हे वाक्य इंग्रजीत पाठ करून ठेवा, कारण त्या खोलीत घसा कोरडा पडतो आणि आपल्याला तर इंग्रजी त्याच वेळी दगा देतं. मला दिला होता. मी एकटी होते, समोर तिघे.

करार हातात आला की तो पहिल्या पानापासून वाचा, सह्या होण्याआधी. वेळापत्रक किती दिवस आधी लागणार? सणासुदीच्या गर्दीत रजा कोणत्या क्रमाने मिळणार? दिवाळी तर नेमकी त्याच गर्दीच्या तोंडावर येते. तक्रार किती दिवसांत नोंदवायची, आणि शेवटचा निर्णय मॅनेजरचा की बाहेरच्या लवादाचा? जिथे 'कंपनी प्रयत्न करेल' असे शब्द दिसतील तिथे खूण करा आणि वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्या आपल्या माणसाला विचारा. मग शेवटच्या पानावरची मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, आणि तिच्या वर्षभर आधीची एक तारीख, नकाशा पुन्हा काढायला बसण्यासाठी.